परदेशी शहराशी कर्मचारी-देवाणघेवाण: टिपणी लिहिण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एका मध्यम आकाराच्या महापालिकेच्या प्रकल्प कक्षात आहात. जपानमधल्या एका शहराने कर्मचारी-देवाणघेवाणीचा प्रस्ताव पाठवलाय: तुमच्या पाणीपुरवठा विभागातले दोघं काही महिने तिकडे जाणार आणि त्यांचा एक अभियंता इकडे येणार. आयुक्तांनी टिपणी मागितली आहे. कार्यालयात मात्र ‘आता जपानची सहल’ असं सुरू झालंय. यातून शहराला खरोखर काही मिळतं का, मिळत असेल तर ते कागदावर कसं मांडायचं, आणि स्वतः जावं का, हे तुम्हाला हवंय.

मी पाणीपुरवठ्यातूनच निवृत्त झाले. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले तेव्हा फिटरच्या मागे खड्ड्यांत उतरून काम शिकले. नोकरीच्या उत्तरार्धात परदेशी शहरांतून येणाऱ्या माणसांची व्यवस्था आणि आपल्याकडून कोणाला पाठवायचं याच्या फायली माझ्या टेबलावरून जात. म्हणून सहल म्हणणाऱ्यांना मी लगेच झिडकारणार नाही. दहा दिवस, चार शहरं, वीस-पंचवीस माणसं, त्यांत नळजोडणीशी ज्यांचा कधी संबंध आला नाही असे निम्मे, आणि परतल्यावर एक गुळगुळीत कागदावरचा अहवाल: असे अभ्यासदौरे आपल्या शहरांनी पाहिलेत. त्यांच्यावरचा राग तुमच्या प्रस्तावावर निघतोय. तेव्हा ‘देवाणघेवाणीचा फायदा होतो का’ असा मोघम प्रश्न घेऊन बसू नका. दौरा आणि देवाणघेवाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टिपणीच्या पहिल्याच पानावर दिसलं पाहिजे. मग कोणता फायदा, कोणत्या अटींवर, आणि तो आपल्याला मोजता येईल का, एवढंच उरतं.

नुसता करार झाला म्हणून काही होत नाही, हेही मान्य करून टाका. मुंबई आणि योकोहामा १९६५ पासून भगिनी शहरं आहेत, पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून. पुण्यात औंधला ब्रेमेन चौक आहे, तो जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी असलेल्या जुन्या स्नेहातून. ही नाती चांगलीच आहेत; माणसं, संस्था, विद्यार्थी येतात-जातात. पण आपला व्हॉल्वमन सकाळी व्हॉल्व फिरवतो त्याच्या कामात अशा करारामुळे आपोआप काही बदलत नाही. ते बदलायचं असेल तर तेच काम करणारा माणूस तेच काम करणाऱ्या माणसाशेजारी बराच काळ उभा राहावा लागतो.

याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण जपानमधलं किताक्युशू शहर आणि कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह यांचं आहे. ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रस्तावाशी ते जुळतं आणि त्यातल्या खाचाखोचाही उपयोगाच्या आहेत.

१९९३ मध्ये नॉम पेन्हच्या पाणीपुरवठ्याची अवस्था अशी होती: शुद्ध केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्क्यांचा पैसा मिळत नव्हता, निम्मं गळत होतं की चोरीला जात होतं हेही कोणी सांगू शकत नव्हतं. पाणी दिवसातून सुमारे दहा तास, तेही शहराच्या पाव भागाच्या आतबाहेर. युद्ध आणि ख्मेर रूजच्या राजवटीत जाणती माणसं मारली किंवा परागंदा झाली होती. त्याच वर्षी ‘एक सोन चान’ (‘एक’ हा नावाचाच भाग) हे अभियंते शहराच्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख झाले. नळजोडण्यांची घरोघर मोजणी, सगळ्यांना मीटर, बिल थकवणाऱ्या बड्या धेंडांचं पाणी तोडणं, पैसे खाणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कारवाई आणि चांगलं काम करणाऱ्यांना बक्षीस, असा त्यांचा धडाका होता. एका लष्करी अधिकाऱ्याने मीटर बसवू न देता त्यांच्यावर पिस्तूल रोखलं होतं, ही गोष्ट पाण्याच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. २००६ पर्यंत हिशेबाबाहेरचं पाणी ८ टक्क्यांवर आलं, पुरवठा चोवीस तास झाला, आणि त्याच वर्षी चान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता किताक्युशूचा वाटा. त्यांच्या पाणी विभागातला माणूस १९९९ मध्ये तिथे पोहोचला, म्हणजे चान यांनी घर आवरायला घेतल्यानंतर सहा वर्षांनी. तोवर जपान, फ्रान्स, जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांच्या पैशांतून नळ्या बदलणं सुरू झालं होतं. ७२ वरून ८ टक्के हे जपानी शहरामुळे झालं असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही, आणि तुमच्या टिपणीतही तसं लिहू नका. एखादा चौकस लेखापरीक्षक तेवढंच धरून बसेल. किताक्युशूने जे दिलं ते नेमकं होतं. शहराचं जाळं तुकड्यांत पाडायचं, प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी प्रवाह आणि दाब मोजायचा, आणि ते आकडे दूरमापनाने एका कक्षात दिसतील अशी सोय करायची. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, वापर जवळजवळ नसताना, एखाद्या तुकड्यात पाणी आत जातच असेल तर ते जमिनीत जातंय. मग त्या तुकड्यात माणसं पाठवून गळती शोधायची. पुढे पाण्याची गुणवत्ता, प्रयोगशाळा, शुद्धीकरण केंद्र चालवणं, अशी एकेका विषयावर एकेका माणसाची ये-जा वर्षानुवर्षं चालू राहिली. नॉम पेन्हमध्ये शिकलेलं कंबोडियाच्या इतर प्रांतिक शहरांत न्यायचं कामही त्यातूनच झालं. दोन शहरांचा भगिनी शहरांचा करार झाला तो २०१६ मध्ये. काम आधी, समारंभ सतरा वर्षांनी. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रम उलटा असतो.

हेच सल्लागार कंपनीकडून करून घेता आलं नसतं का? तांत्रिक भाग आला असता. पण महापालिकेच्या माणसाला दुसऱ्या महापालिकेचा माणूस ज्या गोष्टी सांगतो त्या सल्लागाराच्या अहवालात येत नाहीत. रात्रपाळीला माणसं कशी तयार केली, युनियनशी काय बोलणं झालं, दुरुस्तीचं साहित्य संपलं तर मागणीपत्र किती दिवस आधी घालायचं, लोकप्रतिनिधीचा फोन आला की पाणी कोणत्या भागाचं कमी करायचं आणि कोणाला सांगायचं. ही रोजची कुतरओढ दोघांचीही सारखी असते. आणि सल्लागाराचं काम संपलं की तो पुढच्या निविदेकडे जातो. तिकडचा फोरमन मात्र दहा वर्षांनीही त्याच विभागात सापडतो.

आमच्याकडे एका आशियाई शहरातून पाण्याचे अभियंते काही आठवडे राहून गेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, एकाच जागी वर्षातून किती वेळा गळती होते? आमच्याकडे तक्रारवही होती, दुरुस्तीची नोंदही होती. पण नोंद तक्रारदाराच्या नावाने आणि तारखेने, जागेने नाही. त्यामुळे एकच सांधा पाचव्यांदा उकरलाय हे फिटरला पाठ होतं, पण कार्यालयाला दिसत नव्हतं. वहीत एक रकाना वाढवला: जवळच्या व्हॉल्वचा क्रमांक. खर्च काहीच नाही. सहा-आठ महिन्यांत कोणती नळी दुरुस्त करत बसण्याऐवजी बदलली पाहिजे हे वहीच सांगायला लागली, आणि अंदाजपत्रकात त्या नळीसाठी तरतूद मागताना आमच्या हातात पुरावा होता. बाहेरचा माणूस आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या उत्तरांपेक्षा त्याच्या प्रश्नांनी जास्त काम होतं, असं माझं मत आहे. म्हणून तुमच्या प्रस्तावातला ‘त्यांचा एक अभियंता इकडे’ हा भाग कोणी खर्चाच्या नावाखाली छाटू लागलं तर अडून बसा. बहुतेक ठिकाणी तोच आधी कापला जातो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. इथे जरा जास्त वेळ घेते, कारण देवाणघेवाण फसते ती बहुधा इथेच.

जपानी शहरांची गळती शोधण्याची सगळी रीत नळीत चोवीस तास दाब असण्यावर उभी आहे. त्यांचे लोक लांब सळई रस्त्यावर किंवा मीटरवर टेकवून, तिच्या वरच्या टोकाला कान लावून गळती ऐकतात. अनुभवी माणूस आवाजावरून सांधा की फेरूल (मुख्य नळीतून घराची जोडणी निघते तो भाग) इथपर्यंत अंदाज बांधतो. हे कौशल्य हातात हात धरूनच शिकावं लागतं, आणि त्यासाठी तिकडे काही महिने राहणं योग्यच आहे. पण आपल्या बहुतेक शहरांत पाणी झोननिहाय दोन-चार तास येतं. रात्री दोन वाजता आपली नळी रिकामी. आवाज करायला पाणी नाही आणि रात्रीचा किमान प्रवाह मोजायला प्रवाह नाही. पाणी सुटतं तेव्हा आधी हवा धावते आणि घरांचे मीटर हवेवर फिरतात. लोक बिलावरून भांडतात ते उगाच नाही. पाणी आलं की सगळे नळ आणि मोटारी एकदम चालू, म्हणजे तेव्हाही गळती वेगळी काढता येत नाही. तुमची माणसं तिकडे शिकून येतील आणि इकडे सळई टेकवतील कुठे?

यावर तोड आहे, पण ती निघण्याआधी करायची. शहरातला एक असा झोन निवडा ज्याची उंच टाकी स्वतंत्र आहे, हद्दीचे व्हॉल्व बंद होतात, आणि जिथे आठवड्यातून निदान काही रात्री नळी भरलेली ठेवता येईल. मोठा नको, हजार-दीड हजार जोडण्यांचा पुरे. त्या झोनच्या तोंडाशी बल्क मीटर, म्हणजे झोनमध्ये जाणारं सगळं पाणी मोजणारा मोठा मीटर हवा, आणि तो चालू हवा. आपल्याकडे बल्क मीटर असतात, पण त्यांतले किती खरं बोलतात हे तुम्हीच तपासा. निघण्याच्या आधीचे तीन महिने आत गेलेलं पाणी आणि बिल झालेलं पाणी यांचा हिशेब लिहून ठेवा. तो आकडा वाईट असेल. असू दे. तोच तुमच्या टिपणीचा कणा आहे. परतल्यावर वर्षभराने त्याच झोनचा आकडा त्याच पद्धतीने काढायचा. ‘कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन व्यापक होईल’ असल्या वाक्यांवर स्थायी समितीत कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

आणि जपानआधी त्या दोघांना आठवडाभर सातारा जिल्ह्यात पाठवा. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, तेही आपल्याच कायद्यात, आपल्याच जीवन प्राधिकरणाच्या मदतीने. चोवीस तासांकडे जाताना काय काय अडतं ते मराठीतून ऐकलेला माणूस जपानमध्ये दुप्पट शिकेल. शिवाय ‘इथलं सोडून थेट जपान?’ या प्रश्नाला उत्तर तयार राहील.

दुसरी गोष्ट, जे दिसेल ते सगळं आणता येणार नाही. नॉम पेन्हची संस्था १९९६ पासून स्वायत्त आहे. स्वतःचा पैसा, स्वतःची भरती, कर्मचाऱ्यांना कामाप्रमाणे बक्षीस. आपल्या महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग हा विभागच असतो. पाणीपट्टी सभागृह ठरवतं आणि आकृतिबंध (कोणती पदं किती, याची मंजूर यादी) मंत्रालयातून मंजूर होऊन येतो. तुमचा कनिष्ठ अभियंता तिकडे बक्षिसाची पद्धत बघून येईल आणि इकडे ती लागू करायचा अधिकार आयुक्तांनाही पुरता नसेल. टिपणीतच तीन रकाने करा: विभागप्रमुखाच्या अधिकारात करता येईल ते, सभागृहाची मंजुरी लागेल ते, आणि राज्य सरकारशिवाय होणारच नाही ते. पहिल्या रकान्यात पुरेसं काही नसेल, तर या वर्षी देवाणघेवाण करू नका असं मी सरळ सांगेन.

कोणाला पाठवायचं? इथे तुमच्यावर दबाव येईल. ज्येष्ठता, निवृत्तीआधीचा मान, कोणाचा तरी शब्द. माझं उत्तर ठाम आहे: एक कनिष्ठ अभियंता, ज्याची किमान दहा-बारा वर्षं नोकरी शिल्लक आहे आणि जो सध्या त्याच झोनमध्ये आहे, आणि दुसरा फिटर किंवा मिस्त्री पातळीचा. दुसऱ्या नावावर आस्थापना विभाग हमखास हरकत घेईल: तृतीय श्रेणी कर्मचारी परदेशात कशाला, भाषेचं काय, नियमात बसतं का. पण सळई कानाला लावून गळती ऐकणं हे मिस्त्रीचं काम आहे. अभियंत्याने ते शिकून येऊन मिस्त्रीला समजावणं म्हणजे पोहणं फळ्यावर शिकवणं. भाषेसाठी दुभाषी लागेल, आणि तो यजमानांनी द्यावा हे करारात घाला. नळ, सांधा, माती हाताळताना दोन कामगारांना भाषेची अडचण कमी येते, हे मी खूपदा बघितलंय. अडचण येते ती संध्याकाळच्या बैठकीत, आणि तिथे अभियंता असतोच.

परतल्यावरची अट याहून महत्त्वाची. दोघांची त्या झोनमधून निदान दोन वर्षं बदली होणार नाही, असा आदेश जाण्यापूर्वी काढून घ्या. आपल्याकडे पाण्यात तयार झालेला माणूस अतिक्रमणात किंवा निवडणूक शाखेत जातो आणि शिकलेलं तिथेच विरतं. आयुक्त स्वतः दोन-तीन वर्षांत बदलतात, म्हणून तोंडी आश्वासन चालणार नाही. कार्यालयीन आदेश फाईलला जोडलेला हवा.

समोरच्या शहराला यातून काय हवंय, हेही त्यांना विचारा. संकोच करू नका. ते धर्मादाय करत नाहीत आणि तसं भासवतही नाहीत. जपानमधल्या शहरांचं पाण्याचं जाळं केव्हाच बांधून झालंय. तिथल्या तरुण अभियंत्याला नवीन झोन शून्यातून उभा करायची संधी स्वतःच्या शहरात मिळत नाही, आणि ज्यांनी ते केलं ती पिढी निवृत्त झाली. त्यांच्या माणसाला तुमच्याकडे ते शिकायला मिळतं. दुसरं कारण व्यवसायाचं. किताक्युशूने २०१० मध्ये स्थानिक कंपन्यांना सोबत घेऊन परदेशी पाणी-व्यवसायासाठी संघटनाच काढली, आणि त्या शहराने विकसित केलेली पाणी जैविक पद्धतीने गाळण्याची पद्धत व्हिएतनाममधल्या हायफाँग शहरात बसली. यात गैर काही नाही. फक्त करारात एक कलम स्वच्छ लिहा: देवाणघेवाण आणि खरेदी यांचा संबंध नाही, पुढे काही घ्यायचं झालं तर नेहमीच्या निविदा प्रक्रियेनेच. हे कलम घातल्यावर चांगलं शहर नाराज होत नाही. नाराज झालं तर तेही कळलेलं बरं.

पैशाचं आणि परवानग्यांचं थोडक्यात. जायका या जपान सरकारच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडे स्थानिक संस्थांनी चालवायच्या तांत्रिक सहकार्याची योजना आहे. तुमच्या भागीदार शहराने तिथे अर्ज केलाय का हे आधी विचारा, म्हणजे प्रवास आणि राहण्याचा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात येणार नाही. तुमच्याकडे पगार आणि त्या दोघांच्या जागी तात्पुरती माणसं, एवढंच राहील. खर्च परदेशी यजमान करणार असेल तर परदेशी अभिदाय नियमन कायद्याखाली आदरातिथ्य स्वीकारण्याची पूर्वपरवानगी, शिवाय नगरविकास विभागाची मंजुरी, यांना वेळ लागतो. तिकिटं आधी काढू नका.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर टिपणीत या गोष्टी दिसायला हव्यात: एकच विषय, एकच झोन, आजचा आकडा, जाणाऱ्या दोघांची पदं आणि बदलीबंदीचा आदेश, येणाऱ्या अभियंत्याला इकडे काय काम दिलं जाईल, आणि वर्षाने आकडा जाहीर करायची तारीख. पत्रकारांनी सहलीबद्दल विचारलं तर हेच पान त्यांच्या हातात द्या.

राहिलं तुमचं स्वतःचं. प्रकल्प कक्षातल्या माणसाने पहिल्या तुकडीत जाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही गेलात की यादीत एक नाव झोनबाहेरचं येतं, आणि मग दुसरं, तिसरं यायला वेळ लागत नाही. तुमचं काम इकडचं आहे: तिकडचा अभियंता येईल तेव्हा त्याला सभागृहात पुष्पगुच्छ देऊन गाडीतून फिरवण्याऐवजी पहाटे व्हॉल्वमनबरोबर पाठवणं, आणि तो काय विचारतो ते रोज लिहून ठेवणं. दोन-तीन वर्षं हे टिकलं आणि दुसऱ्या झोनचा विषय निघाला, तर नियोजन आणि बिलिंग शिकायला तुम्ही अवश्य जा. तेव्हा तुमच्याकडे विचारण्यासारखे प्रश्नही असतील. तूर्तास बल्क मीटरच्या दुरुस्तीची फाईल पुढे सरकवा. ती अडकली तर बाकी सगळं तीन महिने मागे जातं.